शाईची पिचकारी आणि छातीतला चार्जर

बॅगेत पाण्याची बाटली आहे ना? काढा जरा बाहेर. झाकणाच्या खाली, मानेपाशी बॅच नंबर, तारीख, किंमत असं काहीतरी बारीक अक्षरांत छापलेलं दिसेल. डोळ्यांजवळ धरून बघा. अक्षरं सलग रेषांची नाहीत, ठिपक्याठिपक्यांची आहेत. (काही कंपन्या आता लेसरने कोरतात. तसं असेल तर शेजारच्याची बाटली मागा, नाहीतर बिस्किटाचा पुडा शोधा.) ही बाटली कारखान्यातल्या पट्ट्यावरून सुसाट पळत होती तेव्हा तिला कुणी शिक्का मारलेला नाही, हातही लावलेला नाही. लांबूनच शाईचे थेंब नेम धरून तिच्यावर मारलेत.

आता कॉलेजच्या बाहेरच्या चौकात या. कुणातरी दादांच्या वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स, मध्ये गॉगल घातलेले दादा आणि खाली पासपोर्ट साइझमध्ये चाळीसेक 'शुभेच्छुक'. हा आख्खा फ्लेक्सही शाईच्या थेंबांचाच. फेस्टसाठी घेतलेला डिजिटल प्रिंटचा कुर्ता? थेंब. रूमवर कुणाकडे तरी असलेला, महिनाभर वापरला नाही की शाई वाळून रुसणारा छोटा प्रिंटर? तोही तेच करतो. या सगळ्याला मिळून एक नाव आहे, इंकजेट.

आणि ही आयडिया सुरुवातीच्या काळात मशीनमध्ये उतरवणारा एक माणूस प्रिंटिंगवाला नव्हताच. तो स्वीडनमधला एक डॉक्टर होता. त्याला पुस्तकं छापायची नव्हती की फोटो छापायचे नव्हते. त्याला हृदयाचे ठोके कागदावर हवे होते. पुढे त्याच माणसाने बुटाच्या पॉलिशच्या डबीत एक वस्तू ओतून तयार केली. ती आज जगभरात लाखो लोकांच्या छातीत आहे. कदाचित तुमच्या आजोबांच्याही.

त्याचं नाव रुने एल्मक्विस्ट. ऐकलंय? नसेलच. मीही मास कॉमच्या 'प्रिंट टेक्नॉलॉजी'च्या पेपरसाठी गुटेनबर्गपासून ऑफसेटपर्यंत सगळं पाठ केलं, त्यात हे नाव कुठेच भेटलं नव्हतं.

पीसीएम की पीसीबी?

आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की घरात हा प्रश्न येतोच. मॅथ्स सोडायचं की बायो? एक गट इंजिनिअरिंगला, एक मेडिकलला, आणि मधली भिंत एकदम पक्की. एल्मक्विस्ट या भिंतीच्या दोन्ही बाजूंना राहिले. जन्म १९०६ चा, लुंड या विद्यापीठाच्या गावातला. शिक्षण डॉक्टरकीचं. पण जीव अडकलेला तारांत, चुंबकांत आणि व्हॉल्व्हच्या सर्किटांत. शिकत असतानाच, १९३० च्या दशकात, त्यांनी हृदयाची विद्युत नोंद घेणारं म्हणजे ईसीजीचं स्वतःचं मशीन बनवलं. डॉक्टर झाले खरे, पण दवाखाना काही थाटला नाही. १९४० च्या सुमाराला ते स्टॉकहोममध्ये वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत रुजू झाले. पुढे एलेमा-शोनांडर या नावाने ओळखली गेली ती ही कंपनी. आयुष्यभर ते तिथेच राहिले, आणि गळ्यात स्टेथोस्कोपऐवजी हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन राहिले.

ईसीजीचा घोळ काय होता ते आधी बघू. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे एक बारीकसा विजेचा झटका. नेदरलँड्सच्या आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो पकडणारं यंत्र बनवलं होतं आणि १९२४ मध्ये त्याबद्दल त्यांना नोबेलही मिळालं. पण ते यंत्र चालवायला पाच माणसं लागायची, आणि नोंद व्हायची ती फोटोच्या फिल्मवर. म्हणजे आधी ती डेव्हलप करा, मग पेशंटला काय झालंय ते बघा. पेशंट थांबला तर!

मग सोपा उपाय सुचला. पेन लावा. सिग्नल आला की पेनाचा दांडा हलेल आणि सरकत्या कागदावर रेघ उमटेल. हे चालायचं, पण पेनाला वजन असतं आणि ते कागदाला घासतं. हृदयाच्या सिग्नलमधली टोकदार शिखरं अशी झपकन येतात आणि जातात की पेन अर्ध्यावर पोचेपर्यंत सिग्नल परत फिरलेला असतो. उतरलेला आलेख मग गुळगुळीत, बोथट दिसतो. डॉक्टरला नेमकं जे बघायचंय तेच पुसलेलं. व्हायवाला मास्तर भराभर प्रश्न विचारतात आणि तुम्ही पहिल्याचंच उत्तर लिहीत बसलेले असता, तसं काहीतरी.

एल्मक्विस्ट यांनी पेनच काढून टाकलं.

एक अगदी बारीक काचेची नळी, केसासारखी. तिला चिकटवलेलं छोटं चुंबक. मागून दाबाने येणारी शाई. सिग्नल आला की चुंबक किंचित वळतं, त्याच्यासोबत नळीचं तोंड वळतं आणि शाईची धार कागदावर जाऊन आदळते. कागदाला काही टेकतच नाही, मग घासणार काय? हलायची ती फक्त काचेची नळी, तिला वजन ते कितीसं! आणि धार लांब असल्यामुळे नळी जराशी जरी वळली तरी कागदावर रेघ चांगली मोठी हलते. सेकंदाला शेकडो वेळा वरखाली होणारा सिग्नलही हे मशीन उतरवून घेऊ लागलं. तेही तिथल्या तिथे, डोळ्यांसमोर. १९४८ चं हे काम, १९५१ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट झालं. पेटंटचं शीर्षक एकदम सरकारी थाटाचं, 'नोंद करणारे मापन-उपकरण' अशा अर्थाचं.

मशीनचं नाव मात्र भन्नाट आहे. मिंगोग्राफ. लॅटिनमध्ये 'मिंगेरे' म्हणजे लघवी करणे. ग्राफ म्हणजे आलेख. आता शब्दशः अर्थ तुम्हीच लावा. बारीक धार सोडत रेघ काढणाऱ्या मशीनला याहून प्रामाणिक नाव मिळालं नसतं. दवाखान्यादवाखान्यांत ते याच नावाने वर्षानुवर्षं विकलं गेलं आणि कुणी हरकतही घेतली नाही. लॅटिन येणारे डॉक्टर गालात हसत असतील, बाकीच्यांना ते भारदस्त वाटत असेल. भाषेच्या अभ्यासकांनीही नंतर ते उचललं. बोलताना आपला सूर कुठे चढतो, कुठे उतरतो याची रेघ मिंगोग्राफवर काढून ते उच्चारांचा अभ्यास करायचे.

नळ थोडासा सोडून बघा

मिंगोग्राफमध्ये धार होती, थेंब नव्हते. मग बाटलीवरचे ठिपके कुठून आले? त्यासाठी घरचा नळ पुरे. तो अगदी बारीक सोडा. वर काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत धार दिसेल, पण थोडं खाली आल्यावर तिचे थेंब झालेले असतील. पाण्याला स्वतःचा पृष्ठभाग आकसून घ्यायची खोड असते. लांब दंडगोलापेक्षा गोल थेंबाचा पृष्ठभाग कमी, म्हणून धार स्वतःच तुटून थेंब होते. बारावीला 'सरफेस टेन्शन' केलंय ना, तेच ते. एकोणिसाव्या शतकात सावार, प्लॅटो आणि रॅले या तिघांनी हे टप्प्याटप्प्याने उलगडलं, आणि रॅले यांनी त्याचं गणितही मांडून ठेवलं.

१९६० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात स्टॅनफर्डमध्ये रिचर्ड स्वीट यांनी या गणिताला कामाला लावलं. धारेला ठरावीक वेगाने कंप दिला तर थेंबही ठरावीक मापाचे, ठरावीक वेळाने पडतात. सेकंदाला लाखभर. धार तुटते त्याच क्षणी हव्या त्या थेंबाला विद्युतभार द्यायचा. मग तो दोन पट्ट्यांमधून जाताना वळवता येतो. ज्यांना भार नाही ते सरळ गटारात जातात. हो, त्याला खरंच गटार म्हणतात, आणि तिथली शाई पुन्हा वापरतात. १९६८ पासून या पद्धतीची मशीनं बाजारात आहेत. तुमच्या बाटलीच्या मानेवरची तारीख ही या कुळातली. आता कळलं ना, बाटली वेडीवाकडी असली तरी छापता का येतं? शाई उडी मारून येते. तिला सपाट कागद लागतच नाही.

घरच्या प्रिंटरची गोष्ट थोडी वेगळी, आणि ती मी पटकन उरकते, कारण सगळीकडे तीच सांगितली जाते. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅननच्या इचिरो एंडो यांच्या हातून तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा होतो आणि तो शाईला बाहेर ढकलतो! पुढच्या दोनेक वर्षांत अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डच्या जॉन व्हॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच स्वतंत्रपणे सुचलं. त्यांच्या डोक्यात होता कॉफीचा पर्कोलेटर, ज्यात उकळतं पाणी बुडबुड्यांच्या जोरावर वर चढतं. १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट आला आणि टेबलावरचा प्रिंटर ही गोष्ट सुरू झाली. तेव्हापासून आजतागायत प्रिंटर स्वस्त आणि कार्ट्रिज महाग असा आपला छळ चालू आहे, तो विषय वेगळा.

आपण परत स्टॉकहोमला जाऊ. कारण खरी गोष्ट तिथे आहे.

दिवसाला वीस-तीस वेळा

१९५८. आर्ने लार्सन, वय ४३. स्वतः इंजिनिअर. काविळीच्या विषाणूचा संसर्ग झाला आणि तो हृदयापर्यंत गेला. हृदयाचे वरचे कप्पे 'आता ठोका' असा विजेचा निरोप खालच्या कप्प्यांना देतात. लार्सन यांच्या हृदयात हा निरोप मध्येच अडकायला लागला. नाडी एकदम मंद व्हायची, कधी थांबायचीच. मेंदूला रक्त नाही, की शुद्ध हरपली. मग नर्सने धावत यायचं, छातीवर दाब द्यायचा, त्यांना परत आणायचं. हे दिवसातून वीस-तीस वेळा. एकदा कल्पना करून बघा, दिवसातून तीस वेळा तुम्ही जाता आणि दर वेळी कुणीतरी तुम्हाला ओढून आणतं. औषधांचा उपयोग नव्हता. कॅरोलिन्स्का हॉस्पिटलमध्ये ते महिनोन्‌महिने पडून होते.

हृदयाला बाहेरून विजेचा ठोका देता येतो हे तोवर कळलेलं होतं. बॉस्टनच्या पॉल झोल यांनी १९५२ मध्ये ते करून दाखवलं होतं. पण त्यात छातीच्या कातडीतून झटके बसायचे, फार दुखायचं, आणि मशीन भिंतीच्या प्लगला जोडलेलं. अमेरिकेत मिनिॲपोलिसला डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी तार थेट हृदयाला जोडायला सुरुवात केली, झटका सौम्य झाला. प्लग मात्र राहिलाच. मुलाला घेऊन कॉरिडॉरमध्ये जायचं तर वायरच्या लांबीइतकंच. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहराची वीज गेली आणि अशाच एका तान्ह्या पेशंटचा मृत्यू झाला. लोडशेडिंग अनुभवलेल्या आपल्यासारख्यांना यातली भीती वेगळी समजावून सांगायला नको. लिलेहाय यांनी हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन यांना गाठलं. बॅकन यांनी एका हौशी इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात आलेलं मेट्रोनोमचं सर्किट घेतलं, म्हणजे गाणं शिकताना ताल धरायला टकटक करतं ते यंत्र. महिन्याभरात त्यांनी बॅटरीवर चालणारा, गळ्यात अडकवता येणारा पेसमेकर केला. हे भारीच होतं, पण तार अजूनही कातडीतून आत जायची आणि त्या भोकातून जंतूही जायचे.

स्टॉकहोमला सर्जन ओके सेनिंग आणि एल्मक्विस्ट यांच्या मनात म्हणून आणखी पुढची गोष्ट घोळत होती. सगळं यंत्रच आत ठेवलं तर? तार नाही, भोक नाही. प्रयोग चालू होते, पण माणसात बसवण्यासारखं काहीच तयार नव्हतं.

याची कुणकुण लागली आर्ने यांची बायको एल्स-मारी यांना. त्या सेनिंग यांच्याकडे गेल्या. सेनिंग म्हणाले, असं यंत्र तयार नाही. त्यांनी सांगितलं, मग तयार करा. त्या एल्मक्विस्ट यांच्या लॅबमध्ये गेल्या, तिथून परत सेनिंग यांच्याकडे, परत लॅबमध्ये. या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात ग्रेट कुणी वाटत असेल तर ही बाई. तिच्याकडे ना इंजिनिअरिंगची डिग्री, ना मेडिकलची. तिच्याकडे होता नवरा, जो आज संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. 'अजून टेस्टिंग बाकी आहे' हे उत्तर तिला परवडणारं नव्हतं. दुसरीकडे त्या दोघांचंही बघा. अर्धवट यंत्र माणसाच्या शरीरात ठेवायचं आणि त्याने तो दगावला तर? आजच्या नियमांत हे बसलंच नसतं, आणि बसू नये असंही मला वाटतं. तरी ते तयार झाले ही गोष्ट उरतेच.

एल्मक्विस्ट कामाला बसले. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर तेव्हा नुकतेच मिळायला लागले होते. त्याआधीच्या जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांतून करंट गळायचा, आणि शरीराच्या उबेत तर जास्तच. सिलिकॉनमुळे ही गळती थांबली. त्यांनी फक्त दोन ट्रान्झिस्टर वापरले. ठरावीक वेळाने एक छोटा झटका, मिनिटाला साधारण सत्तर-ऐंशी. बॅटरी निकेल-कॅडमियमची, रिचार्जेबल. आता ती शरीराच्या आत, मग चार्ज कशी करणार? आत तारेचं एक वेटोळं ठेवलं, बाहेरून कातडीवर दुसरं वेटोळं धरायचं. बाहेरच्यातून उलटसुलट करंट सोडला की आतल्यात आपोआप करंट तयार होतो. फॅरेडेचा नियम, अकरावी-बारावी. तुमचा फोन ज्या वायरलेस पॅडवर ठेवता तिथे हेच चालतं. म्हणजे वायरलेस चार्जिंग १९५८ मध्ये एका माणसाच्या पोटाच्या कातडीखाली होतं!

हे सगळं शरीरातल्या खारट ओलाव्यापासून वाचवायचं होतं. एल्मक्विस्ट यांनी ते इपॉक्सी रेझिनमध्ये बुडवून घट्ट केलं. हे रेझिन म्हणजे अराल्डाइट. हो, हार्डवेअरच्या दुकानात दोन ट्यूबमध्ये मिळतं त्याच नावाचं, त्याच कुळातलं. साचा हवा होता, हाताशी होती बुटाच्या पॉलिशची डबी. तयार झालेली चकती ५५ मिलिमीटर व्यासाची आणि १६ मिलिमीटर जाड. आइस हॉकीतली पक असते तशी दिसायची, आपल्या हिशेबाने छोटीशी लाडवाची चपटी वडी. अशा दोन केल्या. दोन केल्या हे फार बरं झालं.

८ ऑक्टोबर १९५८. ऑपरेशन संध्याकाळी ठेवलं, गर्दी नसताना. बोभाटा नको होता. सेनिंग यांनी छाती उघडून हृदयाच्या स्नायूला दोन तारा शिवल्या, चकती पोटाच्या कातडीखाली ठेवली. हृदय चकतीच्या तालावर ठोके देऊ लागलं.

आणि काही तासांतच चकती बंद पडली.

बहुधा बसवतानाच आतल्या एखाद्या भागाला इजा झाली असावी. दुसरी चकती आणली, ती बसवली. ती आणखी काही काळ चालली आणि मग तिनेही दम तोडला. म्हणजे जगातला पहिला शरीरातला पेसमेकर हा आकडेवारीच्या भाषेत फ्लॉपच म्हणायचा. शोधांच्या गोष्टींमध्ये हा भाग बहुतेक वेळा गाळतात. 'आणि इतिहास घडला' म्हणून मोकळे होतात. त्या रात्री वॉर्डात इतिहास घडल्यासारखं कुणाला वाटलं असेल असं मला नाही वाटत. लार्सन यांना मात्र अवघड काळातून पार पडायला थोडा श्वास मिळाला. त्यानंतर तीनेक वर्षं ते पेसमेकरशिवाय, औषधांवर आणि नशिबावर तगले. १९६१ च्या सुमाराला त्यांना पुन्हा पेसमेकर बसला.

तार का तुटते?

मधल्या काळात एल्मक्विस्ट काय करत होते? चकती सुधारत होते. फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांनी बनवलेला पेसमेकर थेट उरुग्वेच्या माँटेव्हिडिओमध्ये डॉ. फियांद्रा आणि डॉ. रुबियो यांनी एका बाईला बसवला, आणि तो चालला. पण सगळ्यांना छळत होती ती तार. मोबाइलच्या चार्जरची केबल पिनपाशी तुटते, बरोबर? रोज दोन-चारदा वाकवून. आता हिशेब करा. मिनिटाला सत्तर ठोके म्हणजे दिवसाला एक लाखावर. वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त. हृदयाला शिवलेली तार प्रत्येक ठोक्याला वाकते. कुठली तार टिकेल? एल्मक्विस्ट यांनी उत्तर शोधलं ते टेलिफोनवाल्यांकडे. फोनच्या रिसीव्हरची वायर दिवसभर ओढली, पिळली जाते तरी टिकते, कारण तिच्यात जाड तारेऐवजी धाग्याभोवती गुंडाळलेल्या पातळ धातूच्या पट्ट्या असतात. एरिक्सन या स्वीडिश टेलिफोन कंपनीसोबत त्यांनी त्याच जातीची हृदयाची तार तयार केली. मला विचाराल तर चकतीपेक्षा हे डोकं जास्त मोठं. चकतीच्या फोटोला भाव मिळतो, तारेला कुणी विचारत नाही.

अमेरिकेत याच सुमाराला विल्सन ग्रेटबॅच नावाचे इंजिनिअर हृदयाचे आवाज टिपणारं यंत्र जोडत होते. डब्यातून चुकीचा रेझिस्टर उचलला, आणि सर्किट टिपायचं सोडून स्वतःच ठोके द्यायला लागलं. त्यातून त्यांचा पेसमेकर झाला, तो १९६० पासून बफेलोमध्ये पेशंटना बसू लागला. पुढे १९७० च्या दशकात त्यांनीच लिथियमची, वर्षानुवर्षं पुरणारी बॅटरी पेसमेकरमध्ये आणली, आणि बाहेरून चार्ज करायची एल्मक्विस्ट यांची युक्ती मागे पडली. (हे ग्रेटबॅच सत्तरी ओलांडल्यावर सौरऊर्जेवर चालणारी कॅनू बनवून न्यूयॉर्कमधल्या तळ्यांतून हिंडून आले. काही लोक रिटायर होतच नाहीत.) गंमत बघा, स्टॉकहोम असो की बफेलो, दोघेही मुळात हृदयाची नोंद घेणारी यंत्रं बनवत होते. रोज हृदयाची रेघ बघणाऱ्याला ती कुठे अडखळते ते पाठ होतं. मग तिला धक्का द्यावा असं त्याच्याच मनात येणार ना!

एल्मक्विस्ट यांना स्वतःला सुरुवातीला आपल्या चकतीचं फार कौतुक नव्हतं. एक तांत्रिक गंमत, इतपतच ते तिच्याकडे बघायचे. शाईच्या नळीचंही तसंच. मिंगोग्राफ दवाखान्यात राहिला आणि जगाने इंकजेट म्हटलं की कॅनन आणि एचपीची नावं घेतली. पण शाईच्या त्या थेंबाचा हृदयाशी संबंध संपला नाही. २००० नंतर अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठात थॉमस बोलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधे घरगुती इंकजेट प्रिंटर खोलले, कार्ट्रिज धुऊन काढली आणि शाईच्या जागी जिवंत पेशी भरल्या. छापल्यावरही पेशी जिवंत राहिल्या. हृदयाच्या पेशीही त्यांनी अशा छापून बघितल्या. आज 'बायोप्रिंटिंग' म्हणून जे शिकवतात त्याची एक सुरुवात ही. तुमच्यापैकी कुणी बायोटेकला असाल तर डिपार्टमेंटमधला भंगारात टाकलेला प्रिंटर फेकू देऊ नका.

आर्ने लार्सन यांना पुढच्या चाळीस वर्षांत वीसहून जास्त पेसमेकर बसले. एक संपला की दुसरा, प्रत्येक आधीच्यापेक्षा छोटा आणि जास्त टिकणारा. ते कामावर परतले, प्रवास केले, पेसमेकर लागलेल्या लोकांना भेटले आणि एल्स-मारी यांच्यासोबत म्हातारे झाले. एल्मक्विस्ट १९९६ च्या डिसेंबरमध्ये गेले. सेनिंग २००० मध्ये. लार्सन २८ डिसेंबर २००१ ला गेले, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्वचेच्या कॅन्सरने. हृदय तोवर ठोके देत होतं.